कोंबडीला तिखट लागत नाही

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या डोंबिवलीच्या घरात चौघांनाही करोना झाला. तिघं बरे झालो. आईही बरी झाली, असं कागदोपत्री म्हणता येईल. ताप उतरला, खोकला गेला, ऑक्सिजन शेवटपर्यंत नीट राहिला. पण वास गेला तो गेलाच. दूध उतू जाऊन करपलं तरी ती ओट्याशी शांतपणे कांदा चिरत उभी होती, तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत येईल. मग म्हणाले, वर्षभर बघू. मग आम्हीच विचारायचं सोडून दिलं.

आईचं माहेर कल्याणच्या खाडीपलीकडचं, आगरी. आमच्याकडे वर्षाचा मसाला मे महिन्यात व्हायचा. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरच्या वाळायच्या: रंगाला बेडगी, अंगाला संकेश्वरी, ठसक्याला लवंगी. मग खडा मसाला भाजायचा कार्यक्रम. धणे किती भाजायचे, दगडफूल कधी उतरवायचं, याची आईकडे मिनिटं नव्हती. वास होता. ‘आता’ म्हणाली की कढई खाली. ही विद्या तिला तिच्या आईकडून आली होती आणि कुठल्याही वहीत लिहिलेली नव्हती. मग पिशव्या भरून कांडपवर न्यायच्या, आणि परतताना रिक्षावाल्याने शिंकायचं.

२०२१ चा मे तसाच गेला. २०२२ ला तिने मिरच्या आणल्याच नाहीत. ‘विकतचा आणा, चांगला मिळतो हल्ली,’ म्हणाली. त्याच सुमाराला घरातलं जेवण तिखट होत चाललं होतं. एवढं की बाबा न बोलता जेवायचे आणि जेवण झाल्यावर न बोलता ॲसिडिटीची गोळी घ्यायचे. शेवटी एका रात्री मी म्हणाले, ‘आई, हे खाता येत नाहीये गं.’ दुसऱ्या दिवसापासून आमटीत तिखट जवळजवळ बंदच झालं. ती काही बोलली नाही. मला अजून वाटतं, ते वाक्य मी जरा वेगळ्या तऱ्हेने म्हणायला हवं होतं.

एवढी पार्श्वभूमी सांगायचं कारण, माझ्या धाकट्या बहिणीने पहिल्या पगाराची पार्टी म्हणून आम्हाला कोरियन जेवायला न्यायचं ठरवलं. तिने लॉकडाऊनपासून इतके के-ड्रामा बघितलेत की घरात कुणी उशिरा आलं तर ती कोरियनमध्ये रागावते. बाबा म्हणाले, ‘अगं, कोरियाचा आणि आपला काय संबंध?’ प्रश्न जेवणाच्या बेताबद्दल होता, पण माझ्या डोक्यात तो अडकून बसला. पुढे जे लिहिलंय ते बाबांना दिलेलं लांबलचक उत्तर आहे.

रेस्टॉरंट ठाण्यात, घोडबंदर रोडला. मेट्रोच्या खांबांखालून रिक्षा इंचाइंचाने सरकत होती आणि मी विचार करत होते की या रस्त्याचं नाव किती सरळ आहे: घोड्यांचं बंदर. वसईच्या खाडीवर, या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोर्तुगिजांचा किल्ला आहे, आणि अरबी घोडे तिथे उतरायचे म्हणून हे नाव, असं सांगतात. ठाण्याच्या माणसाला पोर्तुगीज म्हटलं की गोवा आठवतो, फार तर वसई. पण डिसेंबर १५३४ च्या तहात गुजरातच्या सुलतानाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. ठाणे त्यांच्याकडे आलं ते १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. सुमारे दोनशे वर्षं. ठाण्यातला जो किल्ला आज तुरुंग म्हणून ओळखला जातो, तोही त्यांनीच बांधायला घेतला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ताटात जे येणार आहे ते याच लोकांच्या जहाजातून आलंय.

टेबलाच्या मध्यात गॅस, त्यावर भली मोठी गोल लोखंडी परात म्हणावी असा तवा. पदार्थाचं नाव डाकगाल्बी. ‘डाक’ म्हणजे कोंबडी, ‘गाल्बी’ म्हणजे बरगडी. यात बरगडी औषधालाही नसते. मांडीचं बिनहाडाचं मांस, कोबी, रताळं, कांद्याची पात आणि तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या, ज्यांना ‘त्तॉक’ म्हणतात. सगळ्यावर लालभडक गोचुजांग. वेटर मुलगा इंफाळचा होता. दोन उलथन्यांनी तो ते सगळं समोरच परतत होता. ‘इसमें असल में पेरिला का पत्ता भी होता है, यहाँ नहीं मिलता,’ तो म्हणाला. ‘हमारे यहाँ उसका बीज खाते हैं, थोइडिंग बोलते हैं.’ बहिणीला भलताच आनंद झाला. कोरियन मालिका भारतात आधी मणिपूरच्या घराघरांत पोहोचल्या हे तिला ठाऊक होतं. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली, आणि रिकाम्या झालेल्या पडद्यावर कोरिया आला. आम्हा डोंबिवलीकरांच्या वीस वर्षं आधी.

डाकगाल्बीचं गाव चुनचॉन. सोलच्या ईशान्येला, ३८ अक्षांशाच्या रेषेजवळ. १९५० च्या जूनमध्ये उत्तरेचं सैन्य रेषा ओलांडून आलं तेव्हा पहिल्या लढायांपैकी एक इथे झाली. युद्ध तीन वर्षं चाललं आणि त्यानंतरचा कोरिया आज पडद्यावर दिसतो तसा नव्हता; अमेरिकन मदतीच्या धान्यावर तगलेला, आशियातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. डाकगाल्बी जन्मली ती त्या दिवसांनंतर, १९६० च्या आगेमागे. एका खानावळवाल्याला डुकराचं मांस मिळेना म्हणून त्याने कोंबडी बरगड्यांसारखी पसरून, मसाला लावून निखाऱ्यावर भाजली, अशी कथा सांगतात. अशा कथा प्रत्येक पदार्थाला असतात, मी त्यांच्यावर फार भार टाकत नाही. पण बाकीचं पटण्यासारखं आहे. चुनचॉनच्या आसपास कोंबड्या पाळल्या जात, त्यामुळे कोंबडी स्वस्त. गिऱ्हाईक कोण, तर रजेवर आलेले सैनिक आणि कॉलेजची पोरं. पुढे निखारे जाऊन लोखंडी तवा आला, आणि कोबी-रताळं घालून थोड्या मांसात जास्त पोटं भरायची सोय झाली. ‘गोरगरिबांची गाल्बी’ असं तिचं टोपणनाव होतं. म्हणजे नावात बरगडी आहे ती ऐपत नसलेल्यांनी लावलेली. मला आपल्याकडच्या ‘व्हेज कोल्हापुरी’ची आठवण झाली, पण ते जरा अन्यायाचं होईल.

तर हे एवढं कोरियन वाटणारं लाल रंगाचं प्रकरण मुळात कोरियन नाही. मिरची अमेरिका खंडातली. मेक्सिकोच्या भागात माणसाने ती हजारो वर्षांपूर्वी शेतात आणली. कोलंबस १४९३ मध्ये परतला तेव्हा युरोपने ती पहिल्यांदा पाहिली. त्यानंतर पोर्तुगिजांच्या व्यापाराचा नकाशा समोर ठेवला की तिची वाट दिसते: १५१० ला गोवा, १५११ ला मलाक्का, १५५७ ला मकाव, १५७१ पासून नागासाकी. आपल्याकडे ती गोव्यातून वर सरकली. जुन्या मुंबईत तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत. नावसुद्धा आपण तिला नवं दिलं नाही. संस्कृतात मरिच म्हणजे काळी मिरी. तिखटपणा म्हणजे मिरी, पिंपळी, आलं, मोहरी एवढीच आपली कल्पना होती, त्यामुळे नवी पाहुणी आली तिला जुन्याच पाटावर बसवलं. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ खाण्यापिण्याचं भरपूर वर्णन करतो, पण त्यात मिरची शोधून सापडणार नाही. (त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आताचं बसवकल्याण. आपलं लोकलवालं कल्याण नव्हे. लहानपणी मी या गैरसमजात बरीच वर्षं अभिमानाने वावरले आहे.)

कोरियाची गोष्ट याहून मजेदार. तिथे मिरचीची जुनी लेखी नोंद सापडते ती १६१४ च्या ‘जीबॉंग यूसॉल’ या ग्रंथात. लेखक यी सू-ग्वांग. त्याने मिरचीला दोन नावं दिली आहेत. एक, ‘जपानी मोहरी’, कारण ती जपानहून आली. दुसरं, ‘दक्षिणेकडच्या रानटी लोकांची मिरी’. हे दक्षिणेकडचे रानटी म्हणजे कोण? जपानमध्ये ‘नानबान’ हा शब्द तेव्हा ज्यांच्यासाठी वापरत, ते म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. आपलेच, वसई-ठाण्याचे! यी सू-ग्वांगचं मिरचीबद्दल मत काही बरं नव्हतं. ती अत्यंत विषारी आहे, गुत्तेवाले तिचा जाळ दारूत मिसळतात आणि ती पिऊन पुष्कळ लोक मेले, असं त्याने लिहून ठेवलंय. १५९२ मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली तेव्हा त्या सैन्याबरोबर मिरची आली, असं बरेच अभ्यासक मानतात, काही कोरियन अभ्यासक याला जोरदार विरोध करतात. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. ज्या किमचीशिवाय कोरियन माणूस जेवत नाही म्हणतात, त्या किमचीत मिरची घातल्याची पाककृती १७६६ सालच्या शेतीविषयक ग्रंथात मिळते. म्हणजे विष म्हणून नोंद झाल्यानंतर दीडशे वर्षांनी. ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडे येऊन तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. तोवर किमची म्हणजे मिठात, खारवणात मुरवलेली भाजी.

आता गोचुजांग हे लाल प्रकरण. मिरचीची पूड, आंबवलेलं सोयाबीन, चिकट तांदूळ आणि मीठ एकत्र करून मातीच्या रांजणात महिनोन्‌महिने ठेवायचं. घरामागे किंवा गच्चीवर उन्हात रांजणांची ओळ, झाकण दिवसा उघडायचं, रात्री लावायचं. हे वाचताना मला ठाणे-वसईच्या ईस्ट इंडियन घरांमधला बॉटल मसाला आठवला. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले हे इथलेच मराठी बोलणारे लोक. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, पुष्कळ जिन्नस भाजून, कुटून, बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. एक जण ठासत असतो, एक जण ओतत असतो. आमच्या आईच्या गच्चीवर तरी वेगळं काय होतं? तीच मिरची, त्याच माणसांनी आणलेली. इथे ती सुकून भुकटी झाली, तिकडे थंडीच्या देशात आंबून लगदा झाली, आणि दोन्हीकडच्या आज्यांनी ती ‘आमची, पिढ्यान्‌पिढ्यांची’ म्हणून सांगायला सुरुवात केली. खोटं नव्हतंच ते. दहा-बारा पिढ्या काही कमी नाहीत.

हे मी टेबलावरच, तवा तापेपर्यंत थोडंफार सांगितलं. बाबा ऐकून म्हणाले, ‘ते ठीक आहे. पण कोरियाला आपले थोरात गेले होते, ते नाही का सांगत?’

मला खरंच माहीत नव्हतं. घरी येऊन वाचलं. जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडचे, वडगावचे. १९५३ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा एक विचित्र प्रश्न उरला: घरी परत जायला नकार देणारे युद्धकैदी. त्यांचं काय करायचं हे ठरेपर्यंत सांभाळायचं काम भारताकडे आलं. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके चिडलेले होते की भारतीय सैनिकांना त्यांनी आपल्या जमिनीवर पायही ठेवू दिला नाही. जहाजं किनाऱ्याला आली आणि तिथून हेलिकॉप्टरने हजारो जवान थेट दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवले गेले. तिथल्या छावणीला नाव होतं ‘हिंदनगर’. २२ हजारांहून जास्त कैदी, बहुतेक चिनी, बाकीचे कोरियन, आणि प्रत्येकाच्या मनात ही भीती की आपल्याला पकडून परत पाठवणार. सप्टेंबरमध्ये एकदा त्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस ठेवलं. थोरात गोळीबाराचा हुकूम न देता स्वतः आत गेले, संतापलेल्या जमावाशी बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. बाबांनी हा प्रसंग कुठेतरी वाचलेला, आणि त्यांच्या डोक्यात तो चाळीस वर्षं तसाच होता.

त्या कैद्यांपैकी ८८ जणांनी सांगितलं, आम्हाला उत्तरही नको, दक्षिणही नको, चीनही नको. कुठल्यातरी तिसऱ्या देशात पाठवा. १९५४ च्या सुरुवातीला भारतीय फौज परतली तेव्हा तिच्याबरोबर ते मद्रासला आले. दोनेक वर्षांनी बहुतेक जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, मोजके भारतातच राहिले. ब्राझीलला गेलेल्यांचं मला नवल वाटतं. मिरची ज्या खंडातून निघाली, तिथेच ते पोहोचले.

याआधी, ऐन युद्धात, भारताचं आणखी एक पथक तिथे होतं, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. डॉक्टरांचं पथक, लढणारं नव्हे. माघारीत प्याँगयाँगहून औषधं आणि सामान न्यायला वाहन मिळेना, तेव्हा त्यांनी एक इंजिन शोधलं, स्वतः पाणी-कोळसा घातला आणि गाडी हाकत दक्षिणेला नेली. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. हा भाग मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘वाफेचं इंजिन असं उठलं आणि चालवलं होत नाही. कुणीतरी जाणता होता त्यांच्यात.’ मग बराच वेळ त्यांनी मला बॉयलर समजावून सांगितला.

तव्याकडे परत येते. कोंबडी शिजली. आम्ही सगळे आईकडे न बघता आईकडेच बघत होतो. तिने एक घास घेतला, मग त्तॉक चावला, मग रताळं. कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं. वेटर घाबरून पाणी घेऊन धावत आला. ‘आंटी, ज़्यादा तीखा है?’ आई म्हणाली, ‘नहीं, बराबर है.’ आणि तिने आणखी वाढून घेतलं.

तिखट ही चव नाही, हे मला नंतर नीट कळलं. गोड, आंबट, खारट, कडू जिभेवरच्या वेगळ्या यंत्रणेने कळतात. मिरचीतलं कॅप्सेसिन मात्र उष्णतेच्या वेदनेची जी कळ असते तीच दाबतं. शरीराला वाटतं, भाजलं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेशीतली ही कळ शोधून काढली आणि त्यासाठी त्याला नोबेल मिळालं ते २०२१ मध्ये. आमच्या घरात आईचा वास गेला, त्याच वर्षी. या कळीला नाक लागत नाही. वास गेलेल्या माणसालाही मिरची कळते. म्हणूनच आईच्या हातून तिखट वाढत गेलं होतं. भाजीत काहीतरी आहे हे तिच्यापर्यंत पोहोचवणारी तेवढी एकच वाट उघडी होती, आणि मी ‘खाता येत नाहीये’ म्हणाले तेव्हा तिने तीही बंद करून घेतली. पक्ष्यांमध्ये ही कळ मिरचीला दाद देत नाही. त्यांना तिखट लागत नाही, म्हणून ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. म्हणजे त्या तव्यावर सर्वांत तिखट गोष्टीत बुडालेली कोंबडी जिवंतपणी सगळ्या मिरच्या शांतपणे टिपू शकली असती.

डाकगाल्बीचं सगळं काम जिभेवर आणि दातांखाली चालतं. गोचुजांग गोड आहे, खारट आहे, आंबवलेल्या सोयाबीनची ती रश्शासारखी भरीव चव आहे. त्तॉक चिवट, रताळं मऊ, कोबी कुरकुरीत, तव्याला लागलेली खरपुडी कडक. आपला आगरी रस्सा नाकातून जेवायचा पदार्थ आहे. हा तसा नाही.

शेवटी वेटरने उरलेल्या रश्शात भात टाकला, वर समुद्री शेवाळाची भुकटी, आणि तव्यावर दाबून पसरवला. खालून खरवड धरेपर्यंत हलवायचा नाही, म्हणाला. आई उलथनं घेऊन स्वतःच खरवड काढायला लागली. काढता काढता म्हणाली, ‘घरचं जेवताना मला सारखं आठवावं लागतं, हे कसं लागायचं ते. इथे काही आठवायलाच नाहीये.’

बहीण रडवेली झाली, मग तिने बिलाकडे बघितलं आणि जास्तच झाली.

येताना ठाणे स्टेशनला गाडीची वाट बघत असताना मी आईला म्हणाले, ‘यंदा मसाला करूया का?’ ती म्हणाली, ‘वास कोण घेणार?’ मी म्हणाले, ‘मी घेते. तू नुसतं सांग कशाचा घ्यायचा.’ तिने उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात कर्जत फास्ट लागली आणि आम्हाला चढायचं होतं.

मे महिन्यात तीन किलो मिरची आली. पूर्वी सात यायची. मी कढईवर वाकून उभी होते, आई शेजारी पाटावर बसून. ‘आता वास कच्चा आहे की गवतासारखा?’ ‘गवतासारखा.’ ‘मग हलवत राहा. पावसाच्या पहिल्या सरीसारखा आला की सांग.’ मी हलवत राहिले. पहिल्या सरीचा वास मला बराच उशिरा आला आणि धण्यांची एक खेप काळपट झाली. आईने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली, चावली आणि म्हणाली, ‘कडू झालेत. दुसरे घे.’